वजाबाकीतली बाकी

मे महिन्यात कलिंगडाचा ट्रक रिकामा होताना थोडा वेळ उभं राहून बघावं. हौद्यात एक माणूस, खाली रस्त्यावर दुसरा, ढिगाशी तिसरा. वरचा कलिंगड उचलतो, ते हातात पुरतं बसायच्या आत सोडतो. खालचा झेलतो आणि त्याच झोक्यात पुढे देतो. ट्रकभर माल असा हवेतून खाली येतो. फुटतं एखादंच, आणि तेही बहुधा गप्पांच्या नादात. सगळी कलिंगडं काही सारखी नसतात. एक तीन किलोचं, एक सातचं, एखादं लांबुळकं. तरी प्रत्येक फळ खालच्याच्या छातीच्या उंचीलाच येतं. फेकणाऱ्याच्या अंगात दोन गोष्टी मुरलेल्या असतात. फेकलेली वस्तू हवेतून साधारण कशी जाते, ही एक. आणि हातातलं हे फळ त्या साधारणपणापासून किती ढळणार, ही दुसरी. पहिली त्याला लहानपणी चिंचा पाडताना कळली. दुसरी उचलताक्षणी मनगटाला कळते.

यंत्रांना यातली पहिली गोष्ट आपण केव्हाच देऊन ठेवली आहे. कारखान्यातला रोबोचा हात वाकतो, वळतो, वेल्डिंग करतो तो न्यूटनच्या नियमांतून काढलेल्या समीकरणांवर. ती समीकरणं तिथे चालतात याचं कारण कारखान्यातलं जग शिस्तीचं असतं : तोच सुटा भाग, तीच जागा, तोच वेग. रोबो कुंपणाबाहेर आला की शिस्त संपते. दुसरी गोष्ट, म्हणजे अनुभवातून शिकणं, यंत्रांच्या हाती जोमानं आली ती गेल्या दहा-पंधरा वर्षांत, मशीन लर्निंगच्या रूपानं. काही काळ चित्र असं होतं की समीकरणवाले एका खोलीत आणि डेटावाले दुसऱ्या खोलीत. हे प्रकरण मधलं दार उघडणाऱ्यांबद्दल आहे.

सुरुवात फेकण्यापासूनच करू. २०१९ मध्ये अँडी झेंग, शुरान साँग आणि त्यांच्या गूगल-प्रिन्स्टनमधल्या सहकाऱ्यांनी ‘टॉसिंगबॉट’ नावाचा रोबो जगापुढे मांडला. दिसायला काहीच विशेष नाही. बाजारात मिळणारा एक यांत्रिक हात, त्याला दोन बोटांचा चिमटा, वर खोली मोजणारा कॅमेरा. समोर एका ट्रेमध्ये नुसता पसारा : खेळण्यातले ठोकळे, प्लास्टिकची फळं, पिंगपाँगचे चेंडू, मार्कर पेनं, कचेरीतलं किडुकमिडुक. काम असं की ढिगातून एकेक वस्तू उचलायची आणि पलीकडे ओळीनं मांडलेल्या खोक्यांपैकी ठरलेल्या खोक्यात टाकायची. खोकी मुद्दाम हाताच्या टप्प्याबाहेर ठेवलेली. म्हणजे नेऊन ठेवणं शक्यच नाही; फेकायलाच हवं.

फेकायचं कशाला, असा प्रश्न येईल. नेऊन ठेवणाऱ्या हाताचा निम्मा वेळ जाण्यायेण्यात जातो, शिवाय तो जितका लांब तितकंच त्याचं राज्य. फेकणाऱ्याला दोन्ही बंधनं नाहीत. कलिंगडवाले काही हौस म्हणून फेकत नसतात.

आता गणित. वस्तू ४५ अंशांच्या कोनात सोडायची आणि ती सोडलेल्या उंचीलाच एक मीटर पुढे पडायला हवी, असं समजा. अकरावीच्या पुस्तकातलं सूत्र सांगतं की सोडताना वेग सेकंदाला ३.१३ मीटर हवा. अर्ध्या सेकंदाच्या आत सगळा खेळ आटोपतो. पण वेगात फक्त पाच टक्के चूक झाली, तर अंतर वेगाच्या वर्गावर ठरत असल्यामुळे वस्तू सुमारे दहा सेंटिमीटर पुढे पडते, म्हणजे शेजारच्या खोक्यात. आणि चुकण्याच्या वाटा पुष्कळ. चिमटा उघडायला सेकंदाचा शंभरावा भाग जास्त लागला तर तेवढ्यात हात तीन सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, आणि तो वर्तुळात फिरत असल्यामुळे दिशाही बदललेली असते. स्क्रू ड्रायव्हर मुठीच्या टोकाला धरला तर त्याचा गुरुत्वमध्य चिमट्याच्या पुढे राहतो; हात फिरताना तो चिमट्यापेक्षा जास्त वेगानं जातो आणि सुटल्यावर गिरक्या घेत भलतीकडे पडतो. पिंगपाँगच्या चेंडूचं वजन जेमतेम २.७ ग्रॅम, त्याला हवा अडवते. सूत्राला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याच्या लेखी प्रत्येक वस्तू म्हणजे निर्वात पोकळीतला एक ठिपका.

हे सगळं समीकरणात घालायचं म्हटलं तर घालता येतं. मात्र प्रत्येक वस्तूचं वस्तुमान, आकार, गुरुत्वमध्य, चिमट्याच्या रबराचं घर्षण आधी मोजायला हवं, आणि ट्रेमधल्या पसाऱ्यात पुढची वस्तू कोणती येईल हेच माहीत नसताना मोजायचं कोणी? दुसरं टोक असं की सूत्र फेकून द्यायचं आणि कॅमेऱ्यातलं चित्र उदाहरणांतून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कला सरळ देऊन म्हणायचं, ‘वेग तूच सांग.’ तेही करता येतं. मग त्या बिचाऱ्या नेटवर्कला गुरुत्वाकर्षणापासून सुरुवात करावी लागते. लांब फेकायला जोर जास्त लागतो, हे गोट्या खेळणाऱ्या पोरालाही ठाऊक असलेलं सत्य ते हजारो चुकांमधून गोळा करत बसतं.

झेंग आणि मंडळींनी मधला मार्ग काढला, तो सांगायला एक ओळ पुरते. सूत्र जो वेग सांगेल तो घ्यायचा, आणि नेटवर्कनं फक्त त्यात किती मिळवायचं किंवा किती कमी करायचं एवढंच सांगायचं. या पद्धतीला त्यांनी दिलेल्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘उरलेलं भौतिकशास्त्र’ असा होतो. मला त्यासाठी आपला शाळेतला शब्द जास्त पटतो : बाकी. खऱ्या जगातून सूत्र वजा केलं की जी उरते ती बाकी. नेटवर्कनं शिकायची ती तेवढीच.

वरवर ही सोय वाटते, पण तिच्यात एक खोच आहे. सूत्राला अंतर कळतं. म्हणून खोकी हलवून रोबोनं आधी कधी न पाहिलेल्या जागी ठेवली, तरी सूत्र नवं अंतर धरून नवा वेग काढतं, आणि वस्तूच्या स्वभावाची शिकलेली दुरुस्ती तशीच त्यावर लागू पडते. सगळंच डेटातून शिकलेलं नेटवर्क इथे गडबडतं, कारण त्याला अंतर ‘कळलेलं’ नसतं, पाठ झालेलं असतं. घोकलेला पाढा आणि समजलेला गुणाकार यांत जो फरक, तोच.

शिक्षणही रोबोनं आपलं आपणच उरकलं. उचलायचं, फेकायचं, कुठे पडलं ते कॅमेऱ्यात बघायचं, आणि जिथे पडलं तिथलाच नेम घेऊन फेकलं असतं तर किती वेग बरोबर ठरला असता ते मागे जाऊन नोंदवायचं. म्हणजे चुकलेली फेकही वाया नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी खोक्यासाठी अचूकच असते. सुमारे १०,००० प्रयत्न, १४ तास. तेवढ्यात फेकीचा नेम ८५ टक्क्यांपर्यंत पोचला आणि तासाला पाचशेहून अधिक वस्तू जागच्या जागी जाऊ लागल्या. संशोधकांनी माणसांनाही त्याच वस्तू त्याच खोक्यांत फेकायला लावल्या. त्यांचा सरासरी नेम ८० टक्क्यांच्या आसपास आला. रोबो पुढे गेला खरा, पण माझे कलिंगडवाले त्या चाचणीत नव्हते.

यातून आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला ती नेमापेक्षाही मोलाची वाटते. रोबोला उचलण्याचे गुण द्यायचे ते ‘वस्तू हातात आली का’ यावर न देता ‘फेक नीट गेली का’ यावर दिले. मग त्यानं धरण्याची पद्धतच बदलली. वस्तू टोकाला धरली तरी उचलली जाते, पण फेक बिघडते. म्हणून तो अशा जागी धरू लागला की फेकीचा भरवसा राहील. पुढच्या कामाचा विचार मागच्या कामात उतरला. हे त्याला कुठल्या सूत्रानं शिकवलं नव्हतं.

बाकी शिकण्याची ही कल्पना त्या सुमारास हवेतच होती. डिसेंबर २०१८ मध्ये, एकाच महिन्यात, दोन वेगळ्या गटांनी जवळजवळ सारख्या नावाचे निबंध प्रसिद्ध केले. एक एमआयटीतला, दुसऱ्यात जर्मनीतली आणि बर्कलेतली मंडळी. त्यांनी बाकी थेट आज्ञेत घातली : अभियंत्यानं हातानं लिहिलेला नियंत्रक जी आज्ञा देईल तिच्यात शिकलेल्या नेटवर्कनं किंचित भर घालायची. जुना नियंत्रक बरा असेल तर नेटवर्कला पहिल्या दिवसापासून बऱ्या ठिकाणाहून सुरुवात मिळते. घराण्याची तालीम झालेल्या गायकाला नवी बंदिश शिकवणं आणि कोऱ्या पोराला ‘सा’ लावायला शिकवणं, यांत जेवढं अंतर तेवढंच इथेही.

वजाबाकीची रेघ कुठे मारायची हे मात्र प्रत्येक यंत्रात नव्यानं ठरवावं लागतं. खरं कौशल्य तिथे आहे. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण झुरिकचं आहे.

तिथल्या ईटीएच विद्यापीठात मार्को हुटर यांच्या प्रयोगशाळेत ‘ॲनिमल’ नावाचा चार पायांचा रोबो घडला. कुत्र्याएवढा, साधारण तीस किलोचा, प्रत्येक पायाला तीन असे बारा सांधे. त्याला चालायला शिकवायचं तर प्रत्यक्षात शिकवणं परवडत नाही. शिकताना तो हजारो वेळा पडणार आणि प्रत्येक पडण्याबरोबर गिअरचे दात आणि संशोधकांची झोप उडणार. म्हणून शिक्षण संगणकातल्या नकली जगात, म्हणजे सिम्युलेशनमध्ये, करायचं. तिथे रोबो प्रत्यक्षापेक्षा कित्येक पटींनी भराभर जगतो, आणि पडला तरी फक्त आकडे पडतात. अडचण एकच, पण ती जुनीच. नकली जगात उत्तम चालायला शिकलेला रोबो खऱ्या फरशीवर आला की लटपटतो.

असं का होतं? जेमिन ह्वांगबो आणि सहकाऱ्यांनी रोबोच्या अंगांगाचा विचार केला. धड, मांड्या, पोटऱ्या : हे सगळे कडक, न वाकणारे तुकडे. कडक तुकडे एकमेकांना जोडून कसे हलतात याचं गणित दोनशे वर्षं मुरलेलं आहे आणि ते उत्तम लागू पडतं. बिघाड सांध्यात. सांध्याच्या आत मोटर, तिला गिअर, गिअरला स्प्रिंग, आणि या सगळ्यावर चाललेलं आपलं आपलं सॉफ्टवेअर. आज्ञा दिली की किंचित उशीर, घर्षणात किंचित गळती, स्प्रिंगमध्ये किंचित झोका. कागदावर ‘इतका पीळ दे’ म्हटलं की तेवढा पीळ मिळतो असं गृहीत धरलेलं असतं, आणि खरा सांधा सरकारी कचेरीसारखा वागतो : अर्ज पोचतो, काम होतं, पण जरा वेळानं आणि मागितलं तेवढंच होईल असं नाही.

तेव्हा त्यांनी रेघ तिथेच मारली. शरीर समीकरणांकडे, सांधे नेटवर्ककडे. खऱ्या रोबोला पाय वेगवेगळ्या लयीत हलवायला लावून चार मिनिटांपेक्षाही कमी वेळ नोंदी घेतल्या. बारा सारखे सांधे आणि सेकंदाला चारशे नोंदी असल्यामुळे एवढ्यातच दहा लाखांवर नोंदी हाती आल्या. त्यांवर एक लहानसं नेटवर्क घडवलं. आज्ञा आणि प्रत्यक्ष स्थिती यांतला फरक किती, वेग किती, आणि एकदोन शतांश सेकंदांपूर्वी ते किती होते, एवढं त्याला सांगायचं. ते सांगतं की आत्ता सांध्यातून खरा पीळ किती निघेल. हे नेटवर्क सिम्युलेशनमध्ये सांध्यांच्या जागी बसवलं. म्हणजे नकली जगात न्यूटनचं शरीर आणि खऱ्या यंत्राचे सांधे, असा एक अर्धनारीनटेश्वर तयार झाला.

त्यात चालण्याचं शिक्षण साध्या संगणकावर चार तासांत झालं आणि शिकलेलं जसंच्या तसं खऱ्या रोबोत घातलं. तो चालला. सेकंदाला दीड मीटर वेगानं, म्हणजे त्याच यंत्राच्या आधीच्या उच्चांकापेक्षा पंचवीस टक्के जास्त. पालथा, उताणा, कसाही पडला तरी उठायलाही तो असाच शिकला. त्या शिक्षणाला अकरा तास लागले. पडलेल्या चार पायांच्या यंत्राला उठवण्याची हालचाल हातानं लिहायला बसणं हा किती जाच असतो, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. तुलनेसाठी सांधे आदर्श मानूनही एक शिक्षण करून पाहिलं होतं. त्यातून निघालेल्या चालीनं खरा रोबो चालू शकला नाही. चार मिनिटांच्या नोंदींनी पडणं आणि धावणं यांतला फरक भरून काढला, कारण त्या नेमक्या तिथल्या होत्या जिथे समीकरण गप्प होतं.

जमिनीवरच्या यंत्राची बाकी निदान जागच्या जागी राहते. उडणाऱ्या यंत्राची बाकी दर क्षणाला बदलते, कारण ती वारा असते.

ड्रोनचं मूळ गणित सोपं आहे. चार पंखे वर ढकलतात, गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. बंद खोलीत एवढ्यावर भागतं. बाहेर वारा सुटला की पात्यांवरची हवा, अंगावरचा दाब, पंख्यांनी खाली लोटलेल्या हवेच्या झोतांचा एकमेकांत होणारा गुंता, या सगळ्यांतून एक अनोळखी बळ तयार होतं. नेमकं बळ काढायचं तर प्रवाहांच्या गणिताला मोठे संगणक आणि कितीतरी तास लागतात. ड्रोनजवळ असतो क्षण. कॅलटेकमध्ये सून-जो चुंग आणि यिसाँग युए यांच्या गटानं २०१९ मध्ये यातला एक लहान तुकडा हाती घेतला होता : ड्रोन जमिनीजवळ येतो तेव्हा खालची हवा उशीसारखी दबते आणि तो नीट टेकत नाही. ती उशी नेटवर्कनं शिकली आणि ड्रोन अलगद टेकला. पण त्यांनी नेटवर्कला एक लगामही घातला, आणि तो महत्त्वाचा आहे. आत येणारी माहिती थोडी बदलली तर बाहेर पडणारं उत्तरही थोडंच बदललं पाहिजे, ठरलेल्या मर्यादेबाहेर नाही, अशी अट नेटवर्कच्या आकड्यांवरच घातली. लगाम नसलेलं नेटवर्क कधी नव्हे ती परिस्थिती दिसली की भलतंच बळ सांगू शकतं, आणि यंत्र ते खरं मानून उलटं होतं. लगाम असेल तर नियंत्रणशास्त्रातली जुनी, गणितानं सिद्ध होणारी हमी देता येते : चूक या हद्दीबाहेर जाणार नाही. विमानं ज्या हमीवर उडतात तीच ही. डेटावाल्यांच्या खोलीत ही वस्तू फारशी सापडत नाही.

२०२२ मध्ये याच वाटेनं पुढे जाऊन त्यांनी ‘न्यूरल-फ्लाय’ केलं. या गटात म्हैसूरच्या, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या ॲनिमा आनंदकुमार होत्या. कॅलटेकमध्ये बाराशेहून अधिक छोट्या पंख्यांची एक भिंत आहे. प्रत्येक पंखा संगणकाच्या ताब्यात, त्यामुळे झुळकीपासून सोसाट्यापर्यंत हवा तो वारा बनवता येतो. तिच्यासमोर ड्रोन सहा वेगवेगळ्या वाऱ्यांत प्रत्येकी दोन मिनिटं उडवला. एकूण बारा मिनिटांच्या नोंदी.

युक्ती मसाल्याच्या डब्याची आहे. स्वयंपाक करताना कोणी हळद दळायला बसत नाही. डबा आधीच भरलेला असतो, पातेल्यासमोर उभं राहून फक्त चिमूट ठरवायची. बारा मिनिटांच्या नोंदींतून नेटवर्कनं वाऱ्याच्या बळाचे मूळ घटक शिकून घेतले. हे घटक वारा कुठलाही असला तरी तेच राहतात, असंच शिक्षण मुद्दाम बेतलेलं. उडताना नेटवर्कला हात लावायचा नाही. कुठल्या घटकाची किती चिमूट, एवढे मोजके आकडे तेवढे क्षणोक्षणी बदलत राहायचे. ते बदलण्याचं काम जुन्या, भरवशाच्या नियंत्रण-पद्धतीकडे. एवढं थोडं काम असल्यामुळे ते ड्रोनवरच्या, पत्त्याच्या पानाएवढ्या रास्पबेरी पाय संगणकाला झेपतं. शिकताना पाहिलेला सर्वांत जोराचा वारा सेकंदाला ६.१ मीटरचा होता. चाचणीत तो १२.१ पर्यंत नेला, म्हणजे ताशी त्रेचाळीस किलोमीटरच्या वर, आणि ड्रोन आठाच्या आकड्यात आपली वाट धरून उडत राहिला.

झुरिक विद्यापीठातल्या दाविदे स्कारामुझ्झा यांच्या गटाचा ‘स्विफ्ट’ हा शर्यतीचा ड्रोनही याच कुळातला. त्यानं तीन अव्वल मानवी वैमानिकांशी झालेल्या २५ शर्यतींपैकी १५ जिंकल्या आणि २०२३ मध्ये ‘नेचर’च्या मुखपृष्ठापर्यंत गाजला. बातम्यांमध्ये ‘कृत्रिम बुद्धिमत्तेनं माणसाला हरवलं’ एवढंच आलं. आतली गोष्ट अशी की तोही सिम्युलेशनमध्ये शिकला, आणि खऱ्या धावपट्टीवरच्या थोड्याशा उड्डाणांतून काढलेली बाकी त्या सिम्युलेशनमध्ये मिसळली होती. ती काढायला बडं नेटवर्कही वापरलं नव्हतं. अशीच परिस्थिती आधी कधी आली होती ते शोधायचं आणि तेव्हाची तूट धरायची, हा किराणा दुकानदारालाही सुचेल असा हिशेब होता.

आणखी एक पंथ आहे, तो बेरीज-वजाबाकीच करत नाही. जर्मनीत डार्मश्टाट इथे मिखाएल लुटर, यान पेटर्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नेटवर्कच लाग्रांजच्या साच्यात बसवलं. लाग्रांजनं १७८८ मध्ये यंत्रशास्त्र ऊर्जेच्या भाषेत लिहून ठेवलं. नेटवर्कनं पीळ थेट सांगायचा नाही, आधी ऊर्जा सांगायची. तिच्यापासून पीळ लाग्रांजच्या नियमानं निघणार. मोदकाच्या साच्यात उकड कशीही भरा, बाहेर मोदकच येतो, तसं हे नेटवर्क कितीही कच्चं असलं तरी वस्तुमान उणे आहे असं कधी म्हणत नाही आणि गतीचे नियम मोडत नाही. कल्पना देखणी आहे. पण घर्षण आणि आदळआपट आली की साच्याच्या कडा उसवतात, आणि रोबोचं आयुष्य म्हणजे घर्षण आणि आदळआपटच. त्यामुळे मला ही वाट अजून फळ्यावर जास्त शोभते.

या सगळ्या प्रकारावर एक भारदस्त आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. कॅनडात काम करणारे रिच सटन, म्हणजे चुका-बक्षिसांतून शिकण्याच्या शास्त्राचे एक जनक, यांनी मार्च २०१९ मध्ये ‘द बिटर लेसन’ नावाचा छोटा लेख लिहिला. त्याचा आशय असा : बुद्धिबळ असो, गो नावाचा पटावरचा खेळ असो की बोलणं ओळखणं, माणसानं आपलं ज्ञान यंत्रात घालायचे जे जे प्रयत्न केले ते थोडे दिवस पुढे राहिले, आणि मग जे नुसते भरपूर संगणन आणि भरपूर शिकणं यांवर विसंबून राहिले ते त्यांना मागे टाकून गेले. मग न्यूटन कशाला घालायचा? तोही मानवी ज्ञानच की!

यावर माझं उत्तर असं की बुद्धिबळात डेटा फुकट असतो. पटावर कोट्यवधी डाव खेळले तरी घोड्याचा पाय मोडत नाही. टॉसिंगबॉटच्या दहा हजार फेकींना मात्र १४ तास लागले, आणि घड्याळ पुढे ढकलता येत नाही. घाई करायची तर सिम्युलेशनमध्ये जावं लागतं. पण सिम्युलेशन म्हणजे काय? बलांची बेरीज, वस्तुमानानं भागाकार, पुढच्या क्षणाचा वेग. ‘आम्ही सगळं डेटातून शिकवतो’ म्हणणारे ज्या नकली जगात कोट्यवधी पावलं टाकतात, त्याची जमीन न्यूटननंच घातलेली असते. त्यांनीही बाकीच शिकवलेली असते. वजाबाकी आधी झालेली असते म्हणून दिसत नाही, एवढंच. सटन यांचं म्हणणं उद्या खरं ठरणारच नाही असं मी म्हणत नाही. जगभर लाखो रोबो भांडी घासू लागले आणि त्यांच्या नोंदी एकत्र आल्या तर हिशेब बदलेलही. आज प्रयोगशाळेत एकच हात आहे आणि त्याची बोटं महाग आहेत.

मात्र काही कामांत वजा करायला सूत्रच नसतं. कणीक मळणं घ्या. पाणी किती पडलं, पीठ किती जुनं, किती वेळ झाकून ठेवलं, यावर तिचा ताण बदलतो, आणि मळता मळताही बदलतो. हातासरशी सुटेल असं समीकरण तिला नाही. जे आहे ते इतकं ढोबळ की बाकी मूळ रकमेहून मोठी निघते. ओल्या टॉवेलची घडी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढणं, वायरींचा गुंता सोडवणं, ही सगळी त्याच जातीची कामं. इथे चुकीचं सूत्र जवळ बाळगण्यापेक्षा ते टाकून देणं शहाणपणाचं, कारण एरवी नेटवर्कचा निम्मा जोर सूत्राची चूक पुसण्यात जातो.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. बाकी म्हटली की मला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए आठवतो. युरेनस ग्रह न्यूटनच्या हिशेबापेक्षा जरा वेगळा चालत होता. ल व्हेरिएनं त्या फरकाला कारण विचारलं, आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत त्यानं सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. बुधाच्या चालीतही अशीच बाकी उरत होती, शतकाला ४३ विकला. तिच्यासाठीही त्यानं एक ग्रह कल्पिला, तो कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइननं दाखवलं की यावेळी चूक सूत्राचीच होती. आज एखादं नेटवर्क त्या जागी असतं तर त्यानं ४३ विकला शिकून घेतल्या असत्या, पंचांग अचूक झालं असतं, आणि कोणी काही विचारलं नसतं. अभियंत्याचं काम भागतं. पण ॲनिमलच्या सांध्यातल्या त्या लहानशा नेटवर्कमध्ये घर्षण किती, उशीर किती, झोका किती, हे सगळं विरघळून गेलेलं असतं आणि विचारलं तरी निवडून देता येत नाही.

टॉसिंगबॉटच्या मंडळींनी मात्र एकदा डोकावून पाहिलं. रोबोच्या नेटवर्कमध्ये प्रत्येक वस्तूच्या जागी आकड्यांचा एक पुंजका तयार होतो. त्यांनी पसाऱ्यातल्या एका पिंगपाँगच्या चेंडूवर बोट ठेवलं आणि विचारलं, याच्यासारखे आकडे आणखी कुठे आहेत? चित्रात ट्रेमधले दुसरे पिंगपाँगचे चेंडू उजळले. मार्कर पेनावर बोट ठेवलं तेव्हा पेनं उजळली. चेंडू म्हणजे काय, पेन म्हणजे काय, हे रोबोला कोणीही सांगितलेलं नव्हतं. त्याला मिळालेली माहिती एवढीच की धरलेली वस्तू हातात राहिली का आणि फेकलेली कुठे पडली.